खिडकीच्या सिलला दगड: माप, कापकाम आणि पाणी अडवण्याची खरी जागा

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीला पोपडे आले. आधी रंग फुगला, मग खार फुटला, मग गिलावा हाताने ओढला की पडायला लागला. सिलवरचा, म्हणजे खिडकीच्या तळाच्या आडव्या कट्ट्यावरचा, दगड मात्र ठणठणीत दिसत होता, एक तडा नाही. नाण्याने वाजवून पाहिला तर मधे तीन ठिकाणी पोकळ आवाज. छिन्नी लावून उचलला तेव्हा खाली मालाचे (कालवलेल्या सिमेंट-वाळूचे) पाच लाडू ठेवलेले निघाले आणि त्यांच्या मधल्या पोकळीत चक्क ओल. आठ वर्षांपूर्वी ज्याने बसवला त्याने माल वाचवला होता. पावसाचं पाणी दगडातून झिरपत नव्हतंच, ते मागच्या कडेने आत उतरून त्या पोकळीत साठत होतं. तोपर्यंत मी दोनदा वरून महागडं सीलर फासून झालो होतो, हेही सांगून टाकतो.

म्हणून या लेखात सीलर शेवटी येईल. त्याआधी दगड, माप, कापणं, पाणपट्टी (दगडाखालची पाणी तोडणारी खाच), बसवणं. आमची खिडकी तळमजल्यावरची आहे, बाहेरून अंगणात उभं राहून हात पोचतो. तुमची वरच्या मजल्यावर असेल तर आतली बाजू घरी करा. बाहेरच्या पट्टीसाठी परांची बांधून काम करणारा माणूस बोलवा. खिडकीतून ओणवं होऊन ग्राइंडर चालवायचा नाही.

दगड कुठला

आपल्याकडे फरशीच्या दुकानात सिलसाठी साधारण चार नावं ऐकू येतात: कोटा, कडप्पा, मार्बल, ग्रॅनाइट. जुन्या घरांत शहाबादही सापडते. यातली कोटा राजस्थानातली, कडप्पा आंध्रातली, शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली. तिन्ही मुळात चुनखडीचे दगड. मार्बलही त्याच कुळातला. म्हणजे लिंबू, चिंच, व्हिनेगर, बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड, यातलं काहीही पडलं की दगडाचा वरचा थर खाल्ला जातो आणि पॉलिश मरतं. ग्रॅनाइटला लिंबाने सहसा काही होत नाही.

दुकानात जाताना खिशात अर्धं लिंबू आणि थोडं नेलपॉलिश काढायचं लिक्विड न्या. दुकानदार जरा विचित्र बघेल, बघू द्या. पडलेला एखादा तुकडा मागा, पॉलिश केलेल्या बाजूवर लिंबाचा थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. डाग निस्तेज दिसला तर दगड चुन्याचा. काळ्या दगडावर त्या लिक्विडने भिजवलेला पांढरा कपडा घासा. कपडा काळा झाला तर दगडाला तेल किंवा रंग लावून काळा केलाय. कडप्प्याच्या बाबतीत हे फार चालतं. दोन उन्हाळ्यांत तो राखाडी होतो आणि मग आपण सीलरला शिव्या घालतो. तिसरी परीक्षा पाण्याची: दगडावर चमचाभर पाणी ठेवा. दहा मिनिटांत खाली गडद डाग पडला तर दगड पाणी पितो, त्याला सीलर लागेल. पाणी तसंच टेकून राहिलं तर सीलरचे पैसे वाचले. चांगल्या काळ्या ग्रॅनाइटवर सीलर मुरतच नाही, वर चिकट पट्टे तेवढे उरतात.

मी बाहेरच्या बाजूला १८ मिलीमीटर जाडीची काळी ग्रॅनाइट पट्टी घेतली, एकसंध. आत कोटा, कारण घरात दोन वर्षांपूर्वीच्या २२ × २२ इंची फरश्या उरल्या होत्या. बाहेर तुकडे जोडून काम करायचं नाही, यावर मी ठाम आहे. प्रत्येक सांधा म्हणजे पाण्याला दिलेलं दार. आत सांधे चालतात.

माप

गवंडी आणि सुतार अजून इंच-सुतातच बोलतात आणि या कामाला ते सोयीचं पडतं. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत साधारण तीन मिलीमीटर. खिडकीची रुंदी तीन ठिकाणी मोजा: चौकटीला लागून, मधे आणि गिलाव्याच्या कडेला. तिन्ही मापं सारखी आली तर तुमचा गवंडी नशिबाने मिळालेला होता. आमच्याकडे पाव इंचाचा फरक निघाला. सगळ्यात लहान माप धरायचं, ते होतं ४९ इंच. दोन्ही टोकांना एकेक सूत मोकळं सोडायचं. उन्हात दगड वाढतो, गिलावा वेगळ्या चालीने वाढतो. टोकाला घट्ट ठोकलेला दगड कुठेतरी तडकतोच, नाहीतर गिलावा उचलतो. म्हणजे बाहेरची पट्टी ४८ इंच ६ सूत.

आतल्या बाजूला फरशी २२ इंचांची. डावीकडून लावत गेलो असतो तर दोन अख्ख्या आणि शेवटी साडेचार इंचांची एक चिंधी उरली असती. ती उगाच डोळ्यांत खुपते, शिवाय तेवढा लहान तुकडा लवकर निसटतो. म्हणून मधे २२ इंची तुकडा आणि दोन्ही बाजूंना सारखे तुकडे. हिशोब असा: ४९ इंचांतून दोन टोकांचे दोन सूत आणि दोन सांध्यांचे दोन सूत वजा, राहिले साडेअठ्ठेचाळीस. त्यातून २२ गेले, साडेसव्वीस उरले, त्याचे दोन भाग म्हणजे प्रत्येकी १३ इंच २ सूत. चौकटीपासून आतल्या गिलाव्यापर्यंत खोली ५ इंच होती, पुढे १ इंच ओठ (भिंतीबाहेर निघणारा भाग), म्हणजे पट्टी ६ इंच रुंद. एका फरशीतून अशा तीन पट्ट्या आरामात निघतात. तरी हाताशी तीन फरश्या ठेवा. पहिली शिकण्यात जाते, हे मी मान्य करून टाकलं आहे.

बाहेरची खोली ४ इंच, पुढे सव्वा इंच ओठ. हा सव्वा इंच कमी करू नका. पाणी भिंतीपासून लांब टाकायचं काम तोच करतो.

पट्टीला गिलाव्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कान काढायचे असतील, म्हणजे कोपऱ्यात काटकोनी खाच मारायची असेल, तर आधी खाचेच्या आतल्या कोपऱ्यात ६ मिलीमीटरचं भोक पाडा आणि दोन्ही काप त्या भोकात आणून सोडा. ब्लेड थोडं पुढे गेलं की तिथूनच तडा सुरू होतो.

कापणं

यंत्र साधं: ४ इंची मार्बल कटर किंवा ग्राइंडर, त्याला अखंड काठाचं डायमंड ब्लेड. दातेरी ब्लेड लवकर कापतं, पण कड फोडतं. ब्लेडवरचा बाण आणि यंत्राचा बाण एकाच दिशेला हवा. लाकडाचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावलेलं मी साइटवर पाहिलं आहे; तसं करणाऱ्याशी वाद घालू नका, तिथून निघून जा.

धुळीबद्दल जरा थांबून बोलावं लागेल. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतो, कोट्यातही सिलिका असते. कोरडं कापलं की त्याची जी बारीक धूळ उडते ती डोळ्यांना दिसते त्याहून कितीतरी बारीक असते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. त्यातूनच सिलिकोसिस होतो. रुमाल बांधून काही उपयोग नाही. एन-९५ मास्क, बंद चष्मा, कानात बोळे, आणि मुख्य म्हणजे ओलं कापणं. पाण्याने धूळ जागीच बसते आणि ब्लेडही थंड राहतं. घरात कापू नका, अंगणात कापा.

पण पाणी आणि वीज एकत्र आली. यंत्र ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या पॉइंटलाच लावा. तो नीट चालतो का, हे त्यावरचं टेस्टचं बटण दाबून आधी बघा. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही. पाणी घालायला दुसरा माणूस घ्या. बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्याने दोन भोकं पाडली की झालं. धार ब्लेडच्या पुढे दगडावर पडली पाहिजे, मोटरवर नाही. आमच्याकडे हे काम माझ्या भाचीने केलं. पहिल्या पाच मिनिटांत तिने माझे बूट धुऊन काढले, नंतर हात बसला. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन, सगळं आधी बाजूला.

दगड कशावर ठेवायचा? जाड थर्माकोलवर. पूर्ण फरशी टेकली पाहिजे, कापला जाणारा भागही. दोन विटांवर ठेवून कापलं की शेवटचे दोन इंच स्वतःच्या वजनाने मोडतात आणि मोड कधीही सरळ नसते.

आता रेघ. पॉलिशच्या बाजूवर मास्किंग टेप लावा, टेपवर गुण्या (काटकोनी पट्टी) धरून बारीक पेन्सिलीने आखा. काप रेघेच्या टाकाऊ बाजूला पडला पाहिजे, कारण ब्लेड स्वतः साधारण दोन मिलीमीटर खातं. रेघेला समांतर अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी नळी शिकंज्याने आवळा आणि यंत्राचा तळ तिला टेकवून सरकवा. मोकळ्या हाताने सरळ कापणारे कारागीर आहेत, पण त्यांनी त्याआधी हजारो फूट कापलेलं असतं.

पहिला फेरा फक्त दोन मिलीमीटर खोल, रेघ कोरल्यासारखा. सगळं कौशल्य याच फेऱ्यात आहे. वरची चमकदार कड इथेच नीट सुटते किंवा फुटते. मग दुसरा फेरा दगडाच्या निम्म्यापर्यंत, तिसरा पार. ढकलायचं नाही, यंत्राच्या वजनाने जितकं जाईल तितकं जाऊ द्यायचं. आवाज ऐकत राहा. मोटरचा सूर खाली उतरला तर तुम्ही जोर लावताय. ब्लेडच्या बाजूने लालसर ठिणगी दिसली तर पाणी कमी पडतंय. शेवटचे दोन इंच राहिले की थांबा, यंत्र पूर्ण बंद होऊ द्या, दगड फिरवा आणि समोरच्या टोकाकडून येऊन काप जुळवा. टोकाचा कोपरा उडण्याचा प्रकार याने जवळजवळ संपतो.

कोटा थरांचा दगड आहे. कड कापताना एखादा पापुद्रा सुटतो. नखाने हलतोय असं वाटलं तर ओढू नका; पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद (झटपट चिकटणारा, सुपरग्लू जातीचा) त्या फटीत सोडा, दाबून धरा, मग घासा.

पाणपट्टी आणि कडा

बाहेरच्या पट्टीच्या ओठाखाली, उलट्या बाजूला, लांबीभर एक खाच हवी. काही गवंडी तिला पाणपट्टी म्हणतात, काही नुसतं ग्रूव्ह. हिचं काम साधं आहे. पाणी दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीकडे मागे सरकतं, खाच आली की त्याला चढता येत नाही, तिथेच थेंब होऊन पडतं. ही खाच नसेल तर सव्वा इंच ओठ काढूनही भिंत भिजतेच. दुकानातून तयार येणाऱ्या पट्ट्यांना बहुतेक वेळा खाच नसते आणि कोणी मागतही नाही.

दगड उलटा करा. पुढच्या कडेपासून ४ सूत सोडून, तीन सूत रुंदीत दोन सूत खोल असे तीन-चार समांतर काप मारा आणि मधल्या बारीक भिंती पातळ छिन्नीने हलकेच उडवा. १८ मिलीमीटरच्या दगडात दोन सूत म्हणजे एक तृतीयांश. त्याहून खोल जाऊ नका. दोन्ही टोकांना खाच इंचभर अलीकडे थांबवा, नाहीतर ती पन्हळीसारखी पाणी कोपऱ्यात नेऊन भिंतीवर सोडते.

दिसणाऱ्या कडांवर धार राहू देऊ नका. ४५ अंशात दोन मिलीमीटरची पट्टी घासून काढली की पुरे. मुलांचे हात वाचतात आणि कोपरे टवके उडून जात नाहीत. कोट्याला १२० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून २२०, ४००, ८०० असं पाणी लावत हाताने घासलं तरी छान उतरतं. लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळा, बोटांनी घासलं की लाटा पडतात. नंबर वगळू नका; १२० चे ओरखडे ८०० ने जात नाहीत, फक्त चमकतात. ग्रॅनाइटची कड मात्र दुकानातूनच पॉलिश करून आणा. घरच्या साध्या ग्राइंडरचा वेग पॉलिशच्या पॅडना झेपत नाही, पॅड सुटून उडतो.

बसवणं

जुना माल खरवडून काढा, ब्रशने धूळ झाडा, आणि मग ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते काम: दगडाखालचं वॉटरप्रूफिंग. दगडाखाली पाणी कधी ना कधी जाणारच, असं धरून चाला. सिमेंटमध्ये मिसळायचं पॉलिमर कोटिंग सगळीकडे मिळतं. त्याचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तसंच चौकटीकडे दोन इंच वर चढवलेले. कोपऱ्यात जाळीची पट्टी दाबा. वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, पूर्ण.

बाहेरच्या पट्टीला ढाळ हवा: पाच इंचाला अर्धा इंच. नुसत्या नजरेने हा ढाळ कमी वाटतो, म्हणून पाणसळीखाली, तिच्या मागच्या टोकापासून पाच इंचांवर, अर्ध्या इंचाची चीप चिकटवून ती आडवी ठेवा. बुडबुडा मधे आला की ढाळ बरोबर. आतली पट्टी पाणसळीत.

माल १ : ४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) किंवा दगडासाठीचं टाइल अ‍ॅडहेसिव्ह. पांढरा किंवा फिका मार्बल असेल तर पांढऱ्या सिमेंटवरचंच, नाहीतर करडी सावली वर येते. दगडाची पाठ ओल्या कपड्याने पुसून कापण्याचा गाळ काढा, पाठीला पातळ थर चोपडा, खाली दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढा, ठेवा, रबरी हातोडीने ठोका. मग उचलून बघा. हो, बसवलेला दगड परत उचलायचा. पाठीवर माल सगळीकडे लागलेला दिसला तरच पुन्हा ठेवायचा. आमच्या जुन्या दगडाखालचे ते पाच लाडू आठवले की एवढा त्रास घ्यावासा वाटतो.

स्लायडिंग खिडकी असेल तर एक गोष्ट फार जपा. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लहान भोकं असतात, ट्रॅकमध्ये साठलेलं पाणी त्यातून बाहेर जातं. दगड या भोकांच्या खाली बसला पाहिजे. जमलं तर त्याची मागची कड ट्रॅकच्या पोटात दोन सूत सरकवा. ट्रॅक आणि दगडाच्या मधल्या फटीत सिलिकॉन भरताना भोकं मोकळी ठेवा. गेल्या वर्षी डागडुजी करताना मी ती व्यवस्थित, सुबकपणे बुजवली होती. पहिल्याच मोठ्या सरीत ट्रॅक भरला आणि पाणी आतल्या बाजूने ओट्यावर आलं.

सिलिकॉन न्यूट्रल हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, चुन्याच्या दगडाची कड खातं. शिवाय काही सिलिकॉनमधलं तेल दगडात उतरून कायमची गडद किनार उठते, म्हणून नळीवर दगडासाठी असल्याचं लिहिलेलं बघून घ्या. दोन्ही टोकांच्या सुतभर फटीत तेच भरायचं, सिमेंट नाही. आतल्या सांध्यांत दगडाच्या रंगाचा ग्राउट (सांधे भरायचा मसाला).

सीलर

दोन जाती आहेत. एक दगडात मुरणारं, एक वर पापुद्रा धरणारं. वरचं चमकतं, म्हणून खपतं. पण मागून ओल आली की पापुद्रा पांढरा पडून सोलतो. सिलला मुरणारंच घ्या, सिलेन-सिलॉक्सेन जातीचं.

दगड वाळलेला असला पाहिजे, वरून नव्हे, आतून. सिमेंटच्या मालावर बसवला असेल तर कोरड्या हवेत किमान दोन-तीन आठवडे थांबा. म्हणून हे सगळं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. मेच्या शेवटी ढग बघून धावपळ करणाऱ्याचं सीलर आत ओल कोंडून ठेवतं.

आधी उरलेल्या तुकड्यावर लावून एक दिवस बघा, रंग गडद होतो का ते कळतं. अ‍ॅल्युमिनियमला टेप लावा. सॉल्व्हंटवालं सीलर असेल तर स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडरला बंद करा, खिडक्या उघडा. मऊ ब्रशने ओलसर थर द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, जिथे पटकन प्यायलं तिथे दुसरा हात. आणि मग, हे विसरू नका, वर उरलेलं सगळं कोरड्या कपड्याने पुसून घ्या. उरलेलं तसंच वाळलं की तेलकट धुरकट पट्टे पडतात. पडलेच तर त्याच सीलरने ओलं करून लगेच पुसायचं. कापलेल्या कडा आणि ओठाचं पोट यांना दोन हात जास्त द्या, दगड तिथूनच सगळ्यात जास्त पितो. मालाला टेकणाऱ्या पाठीला सीलर लावू नका, माल धरत नाही. वापरलेले कपडे गोळा करून डब्यात कोंबू नका, बाहेर पसरून वाळू द्या. चोवीस तास पाणी नाही.

एवढं करूनही लिंबाचा डाग पडतोच. सीलर दगडाला पिण्यापासून थांबवतं, अ‍ॅसिडने खाल्लं जाण्यापासून नाही. तेलाचा डाग मात्र निघतो. खडूची पावडर अ‍ॅसिटोनमध्ये कालवून डागावर अर्धा सेंटीमीटर जाड थापा, वर प्लास्टिक चिकटवा, दुसऱ्या दिवशी काढा. एकदा नाही, तीनदा करावं लागतं.

शेवटची चाचणी नळीने. बाहेरून पंधरा मिनिटं खिडकीवर पाणी मारा, आत सिलखाली भिंतीला वर्तमानपत्राची पानं टेपने लावून ठेवा. कागद कुठे ओला झाला ते लगेच दिसतं. आमच्याकडे उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग आला, तिथे टोकाचं सिलिकॉन भिंतीला धरलं नव्हतं. ते कापून पुन्हा भरलं, परत पाणी मारलं, कागद कोरडा.

पुढची निगा फारशी नाही. साधा साबण, ओला कपडा, दर मेमध्ये ट्रॅकची भोकं जुन्या टूथब्रशने साफ करायची आणि दगडावर चमचाभर पाणी टाकून बघायचं. पिऊ लागला की पुन्हा सीलर. आईची लिंबाच्या लोणच्याची बरणी ऊन खायला त्याच सिलवर बसते. चौथ्या दिवशी तिच्याखाली निस्तेज गोल उठला होता, तो ८०० च्या पेपरने घासून काढला. आता बरणीखाली स्टीलची ताटली असते.